आधी शोधा, मग लिहा : सरकारी सॉफ्टवेअर आणि एआय सहायक

घरपट्टीचं संकेतस्थळ, शिष्यवृत्तीचा अर्ज, दवाखान्यातली नोंदणी ही सगळी सॉफ्टवेअर आपल्या पैशातून लिहिली जातात. लिहिणाऱ्या प्रोग्रामरच्या मदतीला आता एआय सहायक आला आहे, आणि तो मागाल ते मिनिटभरात लिहून देतो. नेमकी हीच मला काळजी वाटते. सार्वजनिक सॉफ्टवेअरमध्ये त्याला पहिलं काम शोधण्याचं द्यावं : हे काम करणारा कोड प्रकल्पात आधीच आहे का? आणि ही शिस्त प्रोग्रामरच्या मर्जीवर न सोडता निविदेच्या अटीत घालावी.

१. तेच ते पुन्हा लिहिण्याची किंमत नागरिक मोजतो. आधार क्रमांकाचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून व्हर्हूफ पद्धतीने काढलेला असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही पद्धत लगेच पकडते. समजा, पाणीपट्टीच्या टीमने ही तपासणी नीट लिहिली आणि घरपट्टीच्या टीमने फक्त ‘बारा अंक आहेत ना’ एवढंच पाहिलं. मग चुकीचा क्रमांक एका खिडकीवर अडतो, दुसरीवर बिनबोभाट नोंदला जातो, आणि दुरुस्तीचे हेलपाटे आपल्या नशिबी येतात. मराठीत तर आणखी एक भानगड आहे. ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो : एकाच स्वतंत्र चिन्हाने, किंवा ‘अ’वर अर्धचंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटतात. म्हणून ‘ॲनी’ यादीत असूनही शोधल्यावर सापडत नाही. एखाद्या विभागाने हा घोळ सोडवला असेल, तर दुसऱ्याने तो पहिल्यापासून का सोडवावा? आयएफएससीची तपासणी, १ एप्रिलला सुरू होणारं आर्थिक वर्ष, लाख-कोटींचे स्वल्पविराम यांचंही तेच.

२. हा शोध आजवर का होत नव्हता? कारण नावं जुळत नाहीत. १९७०च्या दशकापासून प्रोग्रामर वापरत असलेलं ‘ग्रेप’ हे साधन अक्षरं जुळवतं. एकाने फंक्शनला ‘व्हॅलिडेट यूआयडी’ म्हटलं, दुसऱ्याने ‘चेक आधार’, तिसऱ्याने नुसतंच ‘टेस्ट २’, तर ते हात टेकतं. एआय सहायक कोड काय करतो ते वाचून शोधू शकतो. मात्र त्याच्याकडे निबंध मागू नये. फाईल आणि ओळ मागावी, आणि ती उघडून पाहावी.

३. सापडलं ते बरोबरच असेल असं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. नवा कारकून जुन्या फायलींतला मसुदा बघून पत्र लिहितो, आणि मसुद्यातली चूकही इमानेइतबारे उतरवतो. एआयचा कल तसाच असतो. जुन्या प्रकल्पात पासवर्ड ‘एमडी५’ या जुन्या सांकेतिक सूत्राने साठवण्याची पद्धत वीस ठिकाणी असेल, तर तीच ‘या प्रकल्पाची रीत’ म्हणून तो एकविसाव्या ठिकाणी वापरतो. एमडी५मधली गंभीर त्रुटी २००४ सालीच जगासमोर आली होती. पासवर्डसाठी ते आज कुणीही जाणता माणूस वापरत नाही. वारंवार दिसतं म्हणून योग्य, हा न्याय कोडला लावता येत नाही. उलट बाजूही आहे. ‘असा कोड सापडला नाही’ असं तो छातीठोकपणे सांगतो, तेव्हा त्याने प्रकल्पाचा एखादाच भाग वाचलेला असू शकतो. अशा उत्तरानंतर साधा अक्षरशोध तरी करायलाच हवा. निवाडा माणसाचा, आणि त्याखाली त्याचं नाव.

४. शोधाची सवय संकटात उपयोगी पडते. डिसेंबर २०२१मध्ये ‘लॉग४जे’ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या जावा लायब्ररीत भगदाड सापडलं, तेव्हा जगभर पहिला प्रश्न होता : हे आपल्याकडे कुठे कुठे आहे? अनेकांना ते ठाऊकच नव्हतं.

५. पण शोधायला कोड हातात तर हवा! केंद्र सरकारने २०१५मध्येच मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं आणि सरकारी ॲप्लिकेशनांचा सोर्स कोड खुला करून एकमेकांत वापरण्याचं धोरण आखलं. धोरण चांगलं आहे. परंतु कंत्राटदाराने नुसतं चालू संकेतस्थळ सोपवलं आणि कोड स्वतःकडेच ठेवला, तर पुढच्या कंत्राटदाराला शून्यापासून सुरुवात करावी लागते, आणि बिल पुन्हा आपल्यालाच येतं. ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनचं ‘डिजिट’ हे नागरी सेवांचं व्यासपीठ खुल्या कोडचं आहे. पंजाबातल्या नगरपालिकांनी ते वापरलं. म्हणजे हे आपल्या देशात जमतं.

६. जुन्या कोडमध्ये डेटाबेसचे पासवर्ड आणि चाचणीसाठी वापरलेली खऱ्या नागरिकांची माहिती पडून असू शकते. ती साफ केल्याशिवाय प्रकल्प बाहेरच्या एआय सेवेपुढे उघडा करू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा आहेच. पण तो नसता तरी हे चालवून घेता कामा नये.

७. तेव्हा अट सोपी असावी. नव्या कोडसोबत चार ओळींची नोंद : काय शोधलं, काय सापडलं, ते का वापरलं किंवा का नाकारलं. यात वेळ जातो, अशी तक्रार कंत्राटदार करतील. जाईलच. एकच चूक पाच ठिकाणी दुरुस्त करण्यात त्याहून जास्त जातो, आणि ते तासही त्यांच्या बिलात असतात.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी माहितीच्या अधिकारात अर्ज करणार असेल, तर आपल्या महापालिकेला किंवा जिल्हा परिषदेला एवढंच विचारावं : आमच्या पैशातून झालेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड आज कुणाच्या ताब्यात आहे, आणि करारात त्याबद्दल काय लिहिलं आहे? अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे.