इमारत चित्रात, प्राध्यापक बिनपगारी

सॅम्युअल मोर्स म्हटलं की वर्गातली मुलं लगेच तारयंत्राचं नाव घेतात. मी त्यांना कलेचा इतिहास शिकवते, त्यामुळे माझ्यासाठी मोर्स आधी चित्रकार आहे. १८३२ साली न्यूयॉर्क विद्यापीठानं त्याला चित्र-शिल्पकलेचा प्राध्यापक नेमलं. वॉशिंग्टन स्क्वेअरच्या पूर्वेला विद्यापीठाची स्वतःची इमारत १८३५ मध्ये उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी मोर्सनं तिचं चित्र काढलं. इमारत १८९४ मध्ये पाडली गेली. चित्र 'न्यूयॉर्क हिस्टॉरिकल' या संस्थेच्या संग्रहात आहे.

चित्रात ती गॉथिक इमारत ओळखू येते, पण न्यूयॉर्क शहर कुठेच दिसत नाही. त्याऐवजी हेलिकॉन पर्वत, म्हणजे ग्रीक पुराणातल्या कलादेवतांचं निवासस्थान, त्यांचा अगानिपी झरा, पाणी, झाडी आणि सगळीकडे सोनेरी उजेड. प्रॉस्पेक्टसच्या मुखपृष्ठावर अगदी शोभून दिसेल. मात्र हा कल्पनेतला देखावा आहे, हे मोर्सनं चित्राच्या नावातच सांगून टाकलंय. कॉलेजांच्या माहितीपुस्तिका तेवढंही सांगत नाहीत.

मोर्सनं वगळलं ते काय होतं? चौकाची जागा पूर्वी गोरगरिबांना पुरण्याची. इमारतीचा दगड घडवला सिंग सिंग तुरुंगातल्या कैद्यांनी, कारण तो स्वस्त पडत होता. पोटावर पाय आल्यानं शहरातले पाथरवट १८३४ साली रस्त्यावर उतरले आणि कंत्राटदाराच्या जागेवर चालून गेले. शेवटी पलटण बोलवावी लागली, आणि शिपायांनी चौकातच मुक्काम ठोकला. ज्ञानमंदिर असं उभं राहिलं.

आणि चित्रकाराचा पगार? नव्हताच. विद्यार्थी जी फी देतील तीच त्याची कमाई. त्याच इमारतीत भाड्यानं घेतलेल्या खोल्यांत तो राहायचा. स्टुडिओ तिथेच, स्वयंपाकही तिथेच.

इथवर आले की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "म्हणजे सीएचबी, मॅडम!"

मुलांना सगळं ठाऊक असतं. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे 'क्लॉक अवर बेसिस'वर (सीएचबी) शिकवते, दोन गावांत, एसटीनं जाऊन-येऊन. तास झाला तर पैसे. गॅदरिंगमुळे तास बुडाला तर पैसे नाहीत, उन्हाळ्याच्या सुट्टीचे तर नाहीतच. बिल महिन्याच्या महिन्याला द्यायचं आणि पैसे येतील तेव्हा घ्यायचे. सेट झालीय, पीएचडी झालीय. मुलांच्या तोंडी मी 'प्राध्यापक'च असते. मोर्सही होताच की.

न्यूयॉर्क विद्यापीठानं त्या इमारतीवर ऐपतीबाहेर खर्च केला आणि ते कर्जात रुतलं. विद्यापीठाचे प्रमुख जेम्स मॅथ्यूज आणि प्राध्यापक यांच्यातला वाद इतका चिघळला की १८३८ साली अनेक प्राध्यापकांना घरी पाठवण्यात आलं. खोल्या मात्र भाड्यानं जात राहिल्या. पुढे चित्रकार विन्स्लो होमरचा स्टुडिओही तिथेच होता. मोर्सनं २ सप्टेंबर १८३७ रोजी तिथल्याच एका खोलीत १,७०० फूट तार गोल गोल फिरवून तिच्यातून संदेश पाठवून दाखवला. रसायनशास्त्राचे प्राध्यापक लिओनार्ड गेल मदतीला होते. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या संसद भवनातल्या मोठ्या चित्राचं काम त्याला नाकारलं गेलं, आणि त्यानं कुंचला जवळजवळ खाली ठेवला. मोर्सला संत ठरवायचा माझा मुळीच विचार नाही. ज्या वर्षी हे सोनेरी चित्र काढलं त्याच वर्षी तो परदेशातून येणाऱ्यांविरुद्ध प्रचार करत न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभा होता, आणि सपाटून पडला.

बिनपगारी माणसांच्या हातूनच मोठे शोध लागतात, असा अर्थ एखादा संस्थाचालक यातून काढेल. म्हणून आधीच सांगते, मोर्सच्या पाठीशी व्हेल कुटुंबाचा लोखंडाचा कारखाना उभा राहिला. माझ्या ओळखीच्या सीएचबीवाल्यांच्या पाठीशी पतसंस्थेचं कर्ज आहे.

जुनी इमारत पाडून त्याच जागी नवी बांधली, तेव्हा वर्ग भरले वरच्या मजल्यांवर आणि खालचे मजले एका पाठ्यपुस्तक कंपनीला भाड्यानं दिले. वास्तू बदलली, हिशेब तोच राहिला.

आपल्याकडे कॉलेजची जुनी दगडी इमारत पडली की माजी विद्यार्थी हळहळतात. स्मरणिका निघते. निवृत्त झालेल्या एखाद्या सरांकडून जलरंगात चित्र करून घेतात आणि प्रवेशद्वाराशी फ्रेम लागते. लागू दे. घडीव दगडाच्या, सागवानी तुळयांच्या त्या इमारतींवर माझाही जीव आहे. पण त्या फ्रेमखाली उभं राहून आज इथे शिकवतंय कोण आणि कशावर जगतंय, हे विचारणारा माजी विद्यार्थी मला अजून भेटायचाय. भिंतींबद्दल एवढा कळवळा आणि भिंतींच्या आत बोलणाऱ्या माणसाबद्दल काहीच नाही, हे मला विचित्र वाटतं.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कॉलेजनं प्रॉस्पेक्टसमध्ये इमारतीच्या फोटोशेजारी विभागवार तक्ता छापावा: मंजूर पदं किती, भरलेली किती, तासिका तत्त्वावर किती जण, आणि त्यांचं शेवटचं बिल कधी निघालं. शासनानं हे सक्तीचं करावं. फी भरणाऱ्या पालकाला इमारतीच्या रंगापेक्षा याचा उपयोग जास्त आहे. खर्च काहीच नाही; ही माहिती ऑफिसच्या कपाटात असतेच, नॅकची समिती यायची झाली की बरोबर बाहेर निघते. आमच्या विभागाची ओळ मी आत्ताच भरून देऊ शकते. मंजूर पदं दोन, भरलेलं एकही नाही.