शिकार बंद झाली, पण हरणांचा खर्च कोण भरतो?

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले, की 2026 च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेले पिकाचे नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत जादा संरक्षण म्हणून घेता येईल. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे यात धरायचे, हे राज्यांनी अधिसूचनेने ठरवायचे आहे. औराद, भालकी, बसवकल्याण आणि आळंद भागातल्या आपल्या लोकांसाठी ही बातमी महत्त्वाची आहे. तिच्या मागे एक जुना प्रश्न आहे: जंगली जनावर सर्वांचे, तर त्याला सांभाळायचा खर्च कोणाचा?

इतर देशांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे काढली आहेत. अमेरिकेत प्रत्येक राज्य शिकारीचे परवाने विकते आणि बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याकडून कितीतरी जास्त फी घेते. कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी बाहेरचा माणूस स्थानिकाच्या दहापटीहून जास्त मोजतो. तो पैसा वन्यजीव खात्याकडेच राहतो. शिवाय 1937 च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा करही याच कामाला लावला आहे. पाकिस्तानच्या डोंगराळ भागात मारखोर या रानबकऱ्याचे मोजकेच परवाने दरवर्षी लिलावाने दिले जातात. परदेशी शिकारी एकेका परवान्याला एक लाख डॉलरहून अधिक देतात आणि त्यातले 80 टक्के त्या खोऱ्यातल्या गावांना मिळतात. त्यामुळे मारखोर राखण्यात गावाचाच फायदा असतो.

मग आपल्याकडे असे का नाही? एके काळी परवाने आपल्याकडेही होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला शिकारीच्या परवान्याची कलमे होती. 1991 च्या दुरुस्तीने ती काढली. आज काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारले तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. ते उभ्या पिकाला धोकादायक ठरले तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात, पण तो बंदोबस्त असतो, कोणाचा शौक नव्हे.

शिकार परत सुरू करा, असे आम्ही म्हणत नाही. बिदरच्या माळावर आजही काळविटांचे कळप दिसतात, ही या भागाची शान आहे. आपल्या घरांतून हरणाला बंदूक लावणे कोणाला रुचणारही नाही. पण परदेशातल्या त्या व्यवस्थेतली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. जनावर बघायला किंवा मारायला जो बाहेरून येतो, तो पैसे देतो. आणि जो त्याच्या शेजारी राहतो, त्याला त्यातला वाटा मिळतो.

आपल्याकडे नेमके उलटे झाले आहे. फी बंद झाली, खर्च राहिला, आणि तो शेतकऱ्याच्या अंगावर आला. मूग-सोयाबीन दोन पानांवर आले की हरणे कोंब खुडतात, मग दुबार पेरणी. तुरीला शेंगा धरल्या की पुन्हा कळप. रानडुकरे दिवसभर उसात दडतात आणि रात्री ज्वारी-भुईमूग उकरतात. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती तूर राखायला शेतकरी थंडीत माळ्यावर जागतो, त्या जागरणाचा हिशेब कुठल्याच कागदावर नाही. वैतागून कोणी कुंपणाच्या तारेत करंट सोडतो, आणि त्यात जनावराबरोबर माणसाचाही जीव जातो.

वाघाच्या मुलखात थोडी वेगळी सोय आहे. 2006 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी प्रतिष्ठान असते. पर्यटकांच्या प्रवेश शुल्काचा पैसा तिथे जमा होतो, आणि परदेशी पर्यटकाला दरही जास्त असतो. आपल्याकडे वाघ नाही. चिंचोळीचे अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झाले, सुमारे 135 चौरस किलोमीटरचे. पण आपली बहुतेक हरणे अभयारण्यात नाहीत, ती माळावर, गायरानात आणि आपल्या शेतात आहेत. तिथे ना गेट, ना तिकीट. शिवाय कळपाला सीमा कळत नाही. तो सकाळी औरादच्या शिवारात, संध्याकाळी देगलूरच्या बाजूला. नुकसानभरपाईचे नियम मात्र रस्त्याच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरे.

म्हणून विम्याच्या या नव्या सोयीचे स्वागत करायला हवे, पण डोळे उघडे ठेवून. विम्याचा हप्ता शेतकरीही भरतो. खरिपातल्या अन्नधान्य आणि तेलबियांच्या पिकांना मूळ हप्ता विमा रकमेच्या दोन टक्के आहे. म्हणजे सर्वांच्या हरणासाठी पहिला पैसा पुन्हा त्याच्याच खिशातून. निदान जंगली जनावरांच्या या जादा संरक्षणाचा हप्ता तरी पूर्णपणे सरकारने उचलावा, ही मागणी रास्त आहे. राज्याचे वनमंत्रिपद 2023 पासून भालकीचे आमदार ईश्वर खंड्रे यांच्याकडे आले. बिदर-कलबुर्गीचे नाव आणि काळवीट व रानडुक्कर हे दोन्ही प्राणी राज्याच्या यादीत असावेत, हे आपल्याच जिल्ह्यातल्या मंत्र्यांना सांगायला आपल्याला संकोच नसावा.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या नावावर गावाकडे जमीन आहे, पण नोकरी-धंदा पुणे, सोलापूर, हैदराबादला. जमीन बटईने दिलेली असते. पेरतो बटईदार, राखण करतो बटईदार, नुकसान त्याचे. आणि पहाणीवर नाव आपले. अर्ज, भरपाई, विमा, सगळे पहाणीवर अडते. पीक विमा योजनेत बटईदारालाही भाग घेता येतो, पण त्यासाठी मालकाने कागद करून द्यावा लागतो. अनेक मालक तो देत नाहीत, कारण पुढे कूळ लागेल अशी भीती असते. ही भीती वकिलाला विचारून दूर करता येते. भरपाई मालकाच्या खात्यात आली तर ती बटईदाराला पोचती करणे, एवढे तर कायद्याशिवायही जमते.

तिसरी अडचण वेळेची आणि भाषेची. नुकसान झाल्यापासून 72 तासांत पीक विम्याच्या मोबाईल ॲपवर जागेची नोंद असलेल्या फोटोसह कळवायचे आहे. ज्या आजोबांना मराठी वाचता येते पण कन्नड अर्ज भरता येत नाही, त्यांचे तीन दिवस माणूस शोधण्यातच जातील. आपली मुले कन्नड शाळांत शिकली आहेत, मोबाईल त्यांच्या हातात आहे. पेरणीच्या आधी प्रत्येक गावात अशी दोन मुले-मुली तयार झाली, आणि रयत संपर्क केंद्रात जाऊन त्यांनी रीत समजून घेतली, तर मंडळाच्या दहा ठरावांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

माळावरची हरणे टिकावीत असे आपल्या सर्वांना वाटते. ती आजवर टिकली आहेत, कारण शेतकऱ्याने नुकसान सोसले आणि हात उचलला नाही. ते सोसणे फुकटात गृहीत धरायचे दिवस आता संपले पाहिजेत.