‘लेस’ आणि ‘फ्यूअर’: नियम पोकळ, भेद खरा

‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ या दोन्ही इंग्रजी शब्दांना मराठीत ‘कमी’ हा एकच शब्द चालतो. इंग्रजीच्या शालेय व्याकरणात मात्र त्यांची वाटणी ठरलेली आहे: मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’, न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’. म्हणून ‘फ्यूअर बुक्स’, पण ‘लेस वॉटर’. या नियमाचे कैवारी तीन आधार देतात: तो पूर्वापार चालत आला आहे, तो तर्कशुद्ध आहे आणि तो मोडला की अर्थाचा घोटाळा होतो.

पहिला आधार इतिहासापुढे टिकत नाही. बोएथियसच्या ग्रंथाचे जे जुने इंग्रजी भाषांतर अल्फ्रेड राजाच्या नावावर आहे, त्यातच ‘लेस’चे पूर्वरूप ‘शब्द’ या मोजता येणाऱ्या नामासोबत आढळते. त्या काळी अशा रचनेत पुढचे नाम षष्ठीच्या अनेकवचनात येई. ‘शब्दांचे कमी’ अशी काहीशी ती रचना होती. पुढे विभक्तिप्रत्यय झिजले, षष्ठी लोपली आणि ‘लेस वर्ड्स’ उरले. म्हणजे हा प्रयोग आजच्या हलगर्जीपणातून आलेला नाही, तो जुन्या व्याकरणाचा अवशेष आहे. उलट नियमाचा माग काढला तर तो १७७० सालच्या रॉबर्ट बेकर यांच्या पुस्तकापाशी पोहोचतो. शंभराच्या संख्येविषयी बोलताना ‘नो लेस दॅन’पेक्षा ‘नो फ्यूअर दॅन’ अधिक डौलदार आणि अधिक काटेकोर वाटते, एवढेच बेकर यांनी नोंदवले होते. एका लेखकाच्या आवडीला नंतरच्या व्याकरणकारांनी कायद्याचे रूप दिले.

तर्काचा आधारही लंगडा आहे. मैल, डॉलर, आठवडे सगळे मोजता येतात. तरी ‘लेस दॅन फाइव्ह माइल्स’, ‘लेस दॅन ट्वेंटी डॉलर्स’, ‘लेस दॅन टू वीक्स’ हेच सहज इंग्रजी आहे. कारण तेथे पाच सुटे मैल अभिप्रेत नसतात, एक सलग अंतर असते. एक मोटार कमी झाली तर इंग्रज माणूस ‘वन लेस कार’ म्हणतो. मोटार मोजता येते म्हणून तेथे ‘फ्यूअर’ घातले तर कानाला खटकते. ‘टेन आयटम्स ऑर लेस’ या दुकानी पाटीवरून ब्रिटनमध्ये बरेच वाद झाले. २००८ साली टेस्कोने तिच्या जागी ‘अप टू टेन आयटम्स’ असा मजकूर घेतला आणि दोन्ही शब्द टाळले.

तिसऱ्या आधारात तथ्य आहे. ‘लेस डेंजरस ड्रग्ज’ म्हणजे कमी घातक औषधे की घातक औषधांची कमी संख्या? ‘फ्यूअर’ वापरला की शंका मिटते. मराठी हीच शंका शब्दक्रमाने मिटवते: ‘कमी घातक औषधे’ वेगळी आणि ‘घातक औषधे कमी’ वेगळे. पण या एका अडचणीसाठी सरसकट नियम लागतोच असे नाही. ‘मोर डेंजरस ड्रग्ज’ हा प्रयोगही तितकाच द्व्यर्थी आहे. एके काळी संख्येसाठी ‘मो’ आणि परिमाणासाठी ‘मोर’ अशी जोडी इंग्रजीत होती. ‘मो’ प्रचारातून गेला, तरी भाषेचे अडले नाही.

नियम पोकळ ठरला म्हणून दोन्ही शब्द समानार्थी ठरतात, हा निष्कर्षही चुकीचा आहे. ‘लेस’ संख्येच्या प्रांतात शिरतो, पण ‘फ्यूअर’ परिमाणाच्या प्रांतात कधीच जात नाही; ‘फ्यूअर वॉटर’ कोणी म्हणत नाही. सूट एकतर्फी आहे, आणि दोन शब्दांच्या अर्थांत फरक असल्याशिवाय ती एकतर्फी राहिली नसती. फरकाचे मूळ ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ या मूळ रूपांत आहे. ‘थोडी माणसे’ आणि ‘थोडे पाणी’ यांत मराठी एकच विशेषण वापरते. इंग्रजी पहिल्या ठिकाणी ‘फ्यू’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘लिटल’ योजते. ‘लिटल बुक्स’ म्हटले तर पुस्तके थोडी नव्हे, लहान ठरतात.

तेव्हा हा भेद वस्तूच्या मोजता येण्याचा नाही, तिच्याकडे पाहण्याच्या रीतीचा आहे. ‘फ्यूअर’ एकेक नग वेगळा धरतो. ‘लेस’ साऱ्यांची मिळून एक रास धरतो. ‘लेस लाइट’ म्हणजे मंद उजेड आणि ‘फ्यूअर लाइट्स’ म्हणजे थोडे दिवे. एकच प्रखर दिवा असलेल्या खोलीत दिवे कमी असतील, उजेड कमी नसेल. सुट्या वस्तूंची संख्या सांगायची असेल, विशेषतः पुढे विशेषण असेल, तेथे ‘फ्यूअर’ अर्थ नेमका करतो. अंतर, रक्कम, काळ आणि वजन यांना ‘लेस’च शोभतो. उरलेल्या जागी, बोलताना, ‘लेस’ आला तर ती चूक नव्हे. औपचारिक लेखनात मात्र संख्येसाठी ‘फ्यूअर’ची अपेक्षा अजून कायम आहे.