फ्रेंच वाक्याची घडी

अकरावीत फ्रेंच घेतलेली आपली मुले शब्द पाठ करतात, पण वाक्य मराठी वळणाने लावतात आणि मार्क जातात. आम्ही त्यांना दोनच गोष्टी सांगतो. मराठी-उर्दूत क्रियापद शेवटी येते: ‘मी पाव खातो’. फ्रेंचमध्ये साध्या विधानात ते कर्त्यानंतर येते, पाव शेवटी: ‘झ मांज द्यु पँ’. दुसरे, आपण नुसते ‘बोलतो’ म्हटले तरी भागते. फ्रेंचमध्ये मी, तू, तो, ते या चौघांचेही क्रियापद ‘पार्ल’ असेच ऐकू येते. म्हणून सर्वनाम गाळून चालत नाही. घरी फ्रेंच येत नसले तरी अम्मींनी वाक्ये मोठ्याने म्हणवून घ्यावीत आणि विचारावे, ‘बेटा, यात बोलणारा कोण?’