असं का बरं? : सुकाणू मागेच का?

दोस्तांनो, सायकलचं हँडल पुढे असतं. मोटारीचीही पुढचीच चाकं वळतात. मग जहाजाचं सुकाणू मात्र शेपटासारखं मागे का बरं लावतात?

सुकाणू म्हणजे जहाजाच्या मागच्या टोकाला, पाण्याखाली, दारासारखी फिरणारी उभी फळी. लहान होडीत ती हाताने दांडा धरून फिरवतात, मोठ्या जहाजात यंत्राने. एवढीशी फळी अख्खं जहाज वळवते कशी?

आधी एक प्रयोग करा. हौदात किंवा मोठ्या टबात फूटपट्टी उभी बुडवा आणि कड पुढे करून सरळ ओढा. ती पाणी कापत जाईल. आता तशीच ओढा, पण जराशी तिरकी धरून. पट्टी बाजूला ढकलली जाते की नाही? पट्टीने पाण्याला एका बाजूला लोटलं, म्हणून पाण्याने पट्टीला दुसऱ्या बाजूला लोटलं. हाच तो न्यूटनचा तिसरा नियम!

जहाजाचंही तसंच. समजा, जहाज पुढे चाललंय आणि सुकाणूची फळी उजवीकडे वळवली. पाणी फळीच्या उजव्या अंगावर आदळतं आणि तिला डावीकडे ढकलतं. फळीबरोबर जहाजाचा मागचा भाग डावीकडे सरकतो आणि तोंड उजवीकडे वळतं. म्हणजे गंमत अशी, की सुकाणू तोंड ओढत नाही, शेपूट ढकलतं!

पुढे जाणारं जहाज वळताना ज्या बिंदूभोवती फिरतं, तो त्याच्या पुढच्या भागात असतो. दाराची कडी बिजागरीपासून लांब का लावतात? लांबून ढकललं, की कमी जोर लागतो. म्हणून सुकाणूही मागच्या टोकाला. शिवाय जहाजाचा पंखा सुकाणूच्या अगदी पुढे असतो. त्याने जोरात मागे फेकलेलं पाणी थेट फळीवर येतं.

फळी जितकी जास्त वळवावी तितकं बरं, असं मात्र नाही हं. बहुतेक जहाजांत ती दोन्ही बाजूंना 35 अंशांपर्यंतच वळते. त्यापुढे पाणी फळीला धरून वाहत नाही, भोवरे होतात आणि वळण्याऐवजी वेगच कमी होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सुकाणूला वाहतं पाणी लागतं. उभ्या होडीत दांडा कितीही हलवला, तरी होडी नीट वळत नाही. याचा भयंकर प्रत्यय 26 मार्च 2024 च्या रात्री अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरात आला. ‘डाली’ हे सुमारे 300 मीटर लांबीचं मालवाहू जहाज बंदरातून बाहेर पडत होतं. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. अचानक वीज गेली, मुख्य इंजिन बंद पडलं आणि पंखा थांबला. सुकाणू वळवण्यापुरती वीज काही वेळाने आली, पण फळीवर जोराने पाणी फेकणारा पंखाच बंद! जहाज वळलंच नाही. ते पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल कोसळला. जहाजावरून धोक्याचा इशारा वेळेत गेला, म्हणून पोलिसांना पुलाकडे येणाऱ्या गाड्या रोखता आल्या. पण पुलावर रस्त्याची दुरुस्ती करणारे सहा कामगार प्राणाला मुकले. पहिल्यांदा वीज गेली ती एका सैल तारेमुळे, असं पुढे चौकशीत निघालं.

म्हणून अरुंद जागी कप्तान वेग कमी करतो, पण अगदीच कमी करत नाही. सुकाणूला लागेल एवढा वेग तो राखून ठेवतो.

आता तुमची पाळी! लहान होडीत सुकाणूचा दांडा फळीच्या वरून पुढे, होडीत आलेला असतो. तो डावीकडे ढकलला, तर होडी कुठे वळेल? खालचं उत्तर झाका, फूटपट्टी घ्या आणि करून पाहा.

(उत्तर : उजवीकडे. दांडा डावीकडे गेला, की फळी उजवीकडे जाते.)