सोबतीसाठी नोकरी

मी आठवीत असताना आमच्या इंग्रजीच्या बाई शाळा सोडून गेल्या. दिवाळीनंतरचे, कापूस वेचणीचे दिवस होते. बाईंचे यजमान मस्कतला नोकरीला होते. त्यांच्या एकट्याच्या पगारात तिथले घरभाडे आणि संसार निभेना. म्हणून बाईंनी कोरपन्यात बसून तिथल्या भारतीय शाळांना अर्ज पाठवले, मोबाइलवर मुलाखत दिली आणि नोकरी मिळाल्यावर गेल्या. निरोपसमारंभाच्या दिवशी मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजले, "नवऱ्यासाठी आपल्याला सोडून चालल्या." मीही रागावले होते. पुढे त्यांची जागा बराच काळ रिकामी राहिली. आम्ही इंग्रजीचे धडे गाईडवरून पाठ केले.

आज मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तो राग आता उरलेला नाही. त्याला कारण माझी ताई.

बारावी होताच ताईचे लग्न झाले. भाऊजी फिटर. गडचांदूर, आवारपूरकडच्या सिमेंट कारखान्यांत ठेकेदाराकडे काम करून हात तयार झाला आणि ते शारजाला गेले. तेव्हा भाची सहा महिन्यांची होती. आता ती तीन वर्षांची आहे. माय म्हणते, "पोरगी बापाले फोनातच ओयखते. समोर आला तं भेईन."

ताई तिकडे का जात नाही, असे शेजारी विचारतात. उत्तर सोपे आहे. संयुक्त अरब अमिरातीत बायको-मुलांना बोलवायचे तर महिना ४,००० दिरहम, किंवा राहण्याच्या सोयीसह ३,००० दिरहम पगार दाखवावा लागतो. भाऊजींचा पगार त्याच्या निम्माही नाही. ते कामगारांच्या कॅम्पात एका खोलीत सहाजणांबरोबर राहतात. म्हणजे बाई आणि ताई, दोघींचेही नवरे समुद्रापलीकडे. पण एक जाऊ शकली आणि दुसरी वाट पाहत बसली. दोघींच्या मायेत काही फरक आहे काय? फरक आहे तो पदवी, बी. एड. आणि धीटपणे बोलता येणारी इंग्रजी यांचा.

बाहेरदेशी इंग्रजी शिकवायला साहेबाच्याच देशात जन्मावे लागते, अशी एक समजूत आहे. काही ठिकाणी ती खरीही आहे. दक्षिण कोरियात भाषाशिक्षकाचा व्हिसा मुख्यतः अमेरिका, इंग्लंड अशा इंग्रजी बोलणाऱ्या सात देशांच्या नागरिकांसाठी असतो. पण आखातात लाखो भारतीय राहतात आणि त्यांच्या मुलांसाठी आपल्याच केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळा आहेत. मस्कतची भारतीय शाळा १९७५ पासूनची आहे. अशा शाळांना आपल्याकडचे पदवीधर, बी. एड. शिक्षक लागतात. त्यासाठी प्रमाणपत्रांवर आधी राज्य शासनाचे, मग परराष्ट्र मंत्रालयाचे शिक्के घ्यावे लागतात. काम कटकटीचे आहे, अशक्य नाही.

मुळात दहावीपासूनच वाट फुटते. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टला आखातात नोकरीसाठी जाताना सरकारची वेगळी परवानगी लागते. दहावी झालेल्याला ती लागत नाही. शाळा सोडून वेचणीला जाणाऱ्या आमच्या गावच्या पोरींना हे कोणी सांगितले आहे?

सोबतीसाठी नोकरी शोधणे यात काही कमीपणा आहे, असे मला वाटत नाही. आनंदीबाई जोशींची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. पण तिचा आरंभ फार थोड्यांना ठाऊक असतो. गोपाळराव टपालखात्यात नोकरीला होते. बायकोला अमेरिकेत शिकता यावे आणि आपणही तिच्यासोबत राहावे, म्हणून त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून स्वतःसाठी तिथे काम मागितले होते. ते मिळाले नाही. अखेर १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई गोपाळरावांशिवायच बोटीत बसल्या. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्या. त्यांच्या अल्प संसारातली कितीतरी वर्षे ताटातुटीत गेली! बायकोसाठी परदेशात नोकरी मागणाऱ्या गोपाळरावांना आपण नावे ठेवत नाही. मग नवऱ्यासाठी नोकरी शोधणाऱ्या बाईंनाच का ठेवावीत?

आपल्या सरकारलाही हे पटलेले आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत 'पती-पत्नी एकत्रीकरण' नावाची सोय आहे. नवरा-बायकोच्या शाळांत तीस किलोमीटरहून जास्त अंतर असेल, तर त्यांना बदलीत प्राधान्य मिळते. तीस किलोमीटरचा विचार होतो, हे चांगलेच आहे. पण ताई आणि भाऊजींमध्ये अख्खा अरबी समुद्र आहे. त्यांचा अर्ज कोणाकडे द्यायचा?

आमचे एक सर यावर म्हणाले, "मग मुलींनी शिकायचे ते नवऱ्यामागे जाण्यासाठीच काय?" प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे इतकेच की जायचे की राहायचे, हे ठरवण्याची ताकद तिच्या हाती असावी. बाई जाऊ शकल्या, तशा न जाण्याचेही ठरवू शकल्या असत्या. ताईपुढे असे दोन रस्ते कधी आलेच नाहीत.

दुसरा आक्षेप माझा स्वतःचाच आहे. बाई गेल्या आणि चाळीस मुलांचे इंग्रजी बुडाले. ते नुकसान खरे आहे. पण त्याचे माप बाईंच्या पदरात घालणे बरोबर नाही. एक शिक्षक गेला तर दुसरा वेळेवर आला पाहिजे. आणि तो दुसरा आमच्यातूनच का तयार होऊ नये? इथल्या मुलांच्या घरी गोंडी, कोलामी, तेलुगू, बंजारा बोलतात, शाळेत मराठी. त्यांच्यासाठी इंग्रजी ही तिसरी-चौथी भाषा. त्यांची अडचण त्याच बाकावर बसलेल्याला जास्त कळेल.

म्हणून मैत्रिणींनो, इंग्रजीचा पेपर नुसता काढायचा म्हणून काढू नका. वर्गात चुकत चुकत बोला, हसणारे हसोत. प्राध्यापकांना विनंती, की आठवड्यातून एक तास केवळ बोलण्यासाठी द्यावा आणि बी. एड. चे, परदेशी नोकरीचे अर्ज कसे करायचे तेही सांगावे. नाहीतर ही माहिती पैसे उकळणाऱ्या दलालांकडूनच घ्यावी लागते.

यंदा ताईने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी. ए. ला नाव घातले आहे. रात्री लेक झोपली की ती माझी जुनी पुस्तके घेऊन बसते. पदवी होईल, बी. एड. होईल, तोवर भाऊजी परतही येतील कदाचित. मी तसे म्हटले तर ती म्हणाली, "आले तं चांगलंच हाय. मंग मी इथंच शिकवीन."

— बी. ए., द्वितीय वर्ष