सायबॉर्गच्या नावाने

परिसंवादांतून आणि प्रबंधांतून अलीकडे एक मोठी सोय झाली आहे. कथेतील पात्राच्या शरीरात एखादे यंत्र शिरलेले दिसले की त्या पात्रास 'सायबॉर्ग' म्हणावयाचे, डोना हॅरवे यांचा १९८५ मधील जाहीरनामा पुढे करावयाचा आणि मानव-यंत्र, निसर्ग-संस्कृती इत्यादी द्वंद्वे विरघळल्याची ग्वाही देऊन मोकळे व्हावयाचे. अ‍ॅडम रँडल यांचा 'आयबॉय' (२०१७) हा ब्रिटिश चित्रपट अशा वाचनाच्या हाती आयताच लागतो. या वाचनाला चित्रपटातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिसतच नाही, असा प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे.

केव्हिन ब्रुक्स यांच्या २०१० मधील कुमार-कादंबरीवर हा चित्रपट बेतलेला आहे. लंडनच्या एका गरीब वसाहतीतील उंच मनोऱ्यात राहणारा टॉम हा शाळकरी मुलगा लूसीकडे अभ्यासाला म्हणून जातो, तेव्हा तिच्या घरात टोळीतली पोरे शिरलेली असतात. पळता पळता तो पोलिसांना फोन लावतो. डोक्यात गोळी लागते आणि मोबाइलचे तुकडे मेंदूत रुतून बसतात. पुढे त्याला आसपासच्या यंत्रांचे संदेश ऐकू येतात, दिसतात, वळविता येतात. मग सूड.

आता पाहावयाचे ते हे, की सूडाचा प्रारंभ कशाने होतो. लूसीवरील अत्याचाराचे चित्रण हल्लेखोरांपैकीच एकाने मोबाइलवर केलेले असते. टॉम ते त्याच्या फोनमधून मनोमन उचलतो, पाहतो, आणि गुन्हेगार ओळखतो. म्हणजे नायकाची शक्ती हल्लेखोराच्या डोळ्यातून पाहण्यानेच कार्यान्वित होते. तिची संमती तेव्हा घेतली गेली नव्हती, आताही नाही. ज्या दृष्टीने तिला वस्तू केले तीच दृष्टी कथानकाने उचलून, धुऊन, न्यायाची दृष्टी म्हणून नायकाच्या कपाळी बसविली. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये चित्रपटातील पुरुषी दृष्टीविषयी जे सिद्धान्तन केले, त्याचे याहून शब्दशः उदाहरण हुडकणे अवघड आहे. येथे कॅमेरा नायकाच्या मेंदूतच आहे. तरीही चर्चा होते ती द्वंद्वांच्या विसर्जनाची!

पुढचा भाग अधिक अस्वस्थ करणारा आहे. घराबाहेर पडावयासही भिणाऱ्या लूसीशी टॉम 'आयबॉय' या टोपणनावाने संदेशांतून बोलू लागतो. तिला धीर मिळतो, हे खरे. परंतु ती कोणाशी बोलते हे तिला ठाऊक नाही आणि तो मात्र तिच्याविषयी तिने न सांगितलेले सर्व जाणतो. या असमतोलाला चित्रपट कोवळ्या प्रेमाचा साज चढवितो. मेझी विल्यम्स यांच्या संयत अभिनयामुळे लूसी केवळ बळी राहात नाही, हे मान्य करावेच लागेल. मात्र ते श्रेय अभिनेत्रीचे. संहितेने तिच्या जखमेला आधी टॉमच्या जन्मकथेचे इंधन केलेले आहे.

आणि हॅरवे? त्यांचा सायबॉर्ग निष्पाप उगमाची, हरवलेल्या नंदनवनाची ओढ बाळगीत नाही. त्या रूपकाचे सारे बळ त्या नकारात आहे. टॉमची कथा नेमकी उलट दिशेने धावते. आवडत्या मुलीचा अपमान, त्यातून वीराचा पुनर्जन्म, मग तिचे रक्षण: ही रचना शिलेदारी कथांइतकी जुनी आहे, मेंदूतल्या तुकड्यांनी ती नवी होत नाही. त्याच जाहीरनाम्यात हॅरवे आशियातील विद्युत्-उपकरणांच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांचाही विचार करतात, हे तो उद्धृत करणारे सोयीस्करपणे विसरतात. टॉमच्या डोक्यातला तो सुटा भाग कोणीतरी जोडलेला होता. चित्रपटाला त्याचे सोयरसुतक नाही. निदान समीक्षेला असावे.

याचे उत्तर म्हणून हा चित्रपट वर्गवास्तवाचे धीट दर्शन घडवितो, असे म्हटले जाईल. मनोरे, पोलिसांविषयीचा अविश्वास, रॉरी किनियर यांनी सभ्यपणे रंगविलेला एलमन हा गुन्हेगारांचा म्होरक्या — हे सर्व आहे. पण या वास्तवाचे निदान कोणते? वसाहतीचे दुःख माहितीच्या अभावाचे आहे, एखाद्याला सगळे फोन ऐकू आले तर ते फिटेल, असे चित्रपट मानतो. जानेवारी २०१७ मध्ये तो प्रदर्शित झाला. १४ जून रोजी पश्चिम लंडनमधील ग्रेनफेल टॉवर जळाला आणि ७२ माणसे गेली. तेथील रहिवाशांनी आगीच्या धोक्याविषयी आधीच लेखी इशारे दिलेले होते. गुप्त असे काहीच नव्हते, चोरून ऐकण्याचीही गरज नव्हती. ज्यांनी ऐकावयाचे त्यांनी ऐकले नाही. एका चित्रपटावर या दुर्घटनेचे ओझे लादणे अन्यायाचे होईल, आणि तसा हेतूही नाही. पण अशा मनोऱ्यांना सर्वश्रवणाची शक्ती देऊ करणारी कल्पना आणि न ऐकणारी सत्ता यांत जे अंतर आहे, ते 'उत्तर-मानव' या एका शब्दाने झाकले जाते.

कादंबरी प्रथमपुरुषी असल्याने टॉमच्या मनातील गोंधळाला तिथे भाषा तरी मिळते. पडद्यावर त्या जागी हवेत तरंगणाऱ्या प्रकाशचौकटी येतात, आणि त्या फार सुंदर दिसतात.